अनुभव धागा : कॉट मावतील असा ऐसपैस फॅमिली टेंट कसा निवडावा?

गोदाकाठची

दिवाळी झाली की गंगापूरच्या बॅकवॉटरला, वैतरण्याला, भंडारदऱ्याला स्वतःचा टेंट घेऊन जाणारी कुटुंबं वाढतात. हल्ली त्यात आजी-आजोबाही असतात. जमिनीवरून उठणं-बसणं ज्यांना जड जातं त्यांना कॉट लागतेच. पण खोक्यावर 'सहा माणसांचा', 'आठ माणसांचा' एवढंच छापलेलं असतं, आत कॉट किती बसतील याचा पत्ता नसतो. ज्यांनी असे टेंट वापरलेत, जे भाड्याने देतात किंवा दुरुस्त करतात, त्यांनी कृपया नेमकं लिहा : मापं, कापड, खुंट्या, काय बिघडतं आणि का. सहलींची वर्णनं इथे नकोत.

रानवाट

माणसांचा आकडा आधी बाजूला ठेवा. तो चटईवर खांद्याला खांदा लावून झोपणाऱ्यांचा असतो, माणशी साधारण ६० सेंमी धरून. घडीची कॉट साधारण १९० × ६५ सेंमी असते, रुंद घेतली तर ७५-८०. शिवाय उतरायला एका बाजूला निदान ५० सेंमी जागा हवी. त्यामुळे छापील आकड्याच्या निम्म्या कॉट, हा ढोबळ हिशेब.

खरी मेख दीड फुटावर आहे. कॉटची उंची ४०-४५ सेंमी, आणि टेंटची भिंत आत झुकलेली. भिंत ६० अंशांत असेल तर ४५ सेंमी उंचीवर प्रत्येक बाजूने २६ सेंमी जागा जाते, म्हणजे दोन्हीकडची मिळून हातभराहून जास्त. झोपलेल्याचा खांदा आणखी वर असतो, तिथे अजून जाते. ज्या डोम (घुमटाकार) टेंटच्या जमिनीवर तीन कॉट बसतात असं वाटतं, त्यात प्रत्यक्षात दोनच नीट बसतात. तिसरी कोंबली तर पाय आणि डोकं आतल्या कापडाला टेकतं. ते कापड बाहेरच्या फ्लायला (टेंटवर टाकायच्या पाणरोधक आवरणाला) चिकटतं आणि फ्लायच्या आतल्या बाजूला साचलेलं दव सरळ पांघरुणात उतरतं. सकाळी सगळे म्हणतात टेंट गळला. तो गळलेला नसतो.

विकत घेण्याआधी घरीच बघता येतं. गच्चीवर खडूने टेंटच्या तळाचं माप आखा. त्याच्या आत, जिथे भिंत झुकते तिथे २५-३० सेंमी सोडून दुसरा चौकोन आखा. आता कॉटच्या मापाचे पुठ्ठे या आतल्या चौकोनात मांडून बघा. दार कुठे येतं तेही खुणेने दाखवा, नाहीतर कॉट बरोबर चेनसमोर येते.

चौकट

रानवाट यांच्याशी सहमत, म्हणून कॉटसाठी केबिन प्रकारच घ्यावा. भिंती जवळजवळ उभ्या असतात, त्यामुळे तळाचं माप बहुतेक सगळं वापरता येतं.

१० × १० फुटांत (३०५ सेंमी) तीन कॉट इंग्रजी यू सारख्या लावाव्यात : एक मागच्या भिंतीला आडवी, दोन बाजूंच्या भिंतींना. मागची ६५ आणि बाजूची १९० मिळून २५५ सेंमी होतात, म्हणजे दाराशी ५० सेंमी चपला-पिशव्यांना उरतात. मध्ये पावणेदोन मीटर रुंद चौक राहतो, त्यात दोन लहान मुलं गादीवर आरामात झोपतात. आई-वडील, एक आजी आणि दोन मुलं यांना हा साइज पुरतो. चौथी कॉट मात्र नाही. चार शेजारी-शेजारी लावल्या तर २६० सेंमी होतात, बसतात खऱ्या, पण मधल्यांना बाजूने उतरायला जागाच उरत नाही, पायाकडून सरकत उतरावं लागतं.

१० × १४ फूट असेल तर १४ फुटांच्या (४२७ सेंमी) भिंतीला दोन कॉट एकामागे एक, समोरच्या भिंतीला तशाच दोन. मध्ये १७५ सेंमीचा पॅसेज. चार मोठ्या माणसांसाठी याहून चांगली मांडणी नाही. कोलमनचा १० माणसांचा इन्स्टंट केबिन या मापाचा येतो. त्यांचाच ६ माणसांचा १० × ९ फूट आहे, त्यात दोन कॉट आणि सामान.

उंची मधोमध निदान ६ फूट हवी. कॉटवर बसून कपडे बदलायचे, गुडघे धरत उठायचं, तर वाकावं लागलं की आजोबा दुसऱ्यांदा यायला तयार होत नाहीत.

लोहारवाडा

आता जमिनीचं बोलू. टेंटबरोबर येणाऱ्या सात इंची बारीक तारेच्या खुंट्या आपल्याकडे निरुपयोगी. नाशिकच्या भोवताली तीन तऱ्हा आहेत. धरणकाठची काळी माती कोरडी असताना दगडासारखी, भिजली की लोण्यासारखी, खुंटी हाताने उपटून येते. मुरुमात पातळ खुंटी वाकते. अंजनेरीच्या पठारासारख्या ठिकाणी चार बोटं माती आणि खाली कातळ.

लोहाराकडून १० किंवा १२ मिमीची सळई सव्वा फुटाच्या तुकड्यांत कापून घ्या, एक टोक घासून टोकदार आणि दुसरं वाकवून आकडा. मोठ्या केबिनला १६ ते २० लागतात. दोन किलोचा हातोडा सोबत ठेवा. खुंटी टेंटपासून उलट दिशेला कललेली ठोकावी, ताणदोरी जमिनीशी ४५ अंशांच्या आसपास राहावी. भिजलेल्या काळ्या मातीत एका दोरीला दोन खुंट्या, एकमेकींपासून फूटभर अंतरावर. कातळावर खुंटीचा हट्ट सोडा. दोरीच्या फासात फूटभराची काठी आडवी अडकवा आणि काठीवर दहा-पंधरा किलोचे दगड रचा. नुसती दगडाला बांधलेली दोरी धारेवर घासून रात्रीत तुटते.

वारा_नैऋत्य

केबिनची दुसरी बाजूही सांगायला हवी. उभी भिंत म्हणजे शीडच. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसाआधी जी वावटळ उठते, किंवा जूनच्या सुरुवातीला काजवे बघायला भंडारदऱ्याला गेल्यावर पश्चिमेकडून जे झोत येतात, त्यात पहिला बळी फायबरग्लासच्या पोलचा जातो. मोठ्या टेंटला ८.५ मिमीचे पोल असतील तर तो घेऊच नका. ११ मिमीच्या खाली नको, शक्यतो लोखंडी पाइपची चौकट बघा. अरुंद बाजू वाऱ्याकडे, आणि सगळ्या ताणदोऱ्या लावायच्या, हवा शांत असली तरी. लोक कोपऱ्यातल्या चार लावून सोडून देतात आणि रात्री दोन वाजता अंधारात उरलेल्या शोधतात.

फायबरग्लास उभा चिरतो, कुसळं हातात घुसतात. पोलवर जेमतेम सरकेल असा दहा सेंमी लांबीचा अॅल्युमिनियमचा पाइप आणि कापडी टेप सोबत असेल तर रात्र निभावते.

गोदाकाठची

फार उपयोगी माहिती. दोन प्रश्न. कॉटच्या पायांनी तळ फाटतो का? आणि घरातली नवारीची घडीची खाट चालेल का?

चौकट

तळ फाटतो तो टोकदार पायांमुळे. कॉट घेताना उलटी करून बघा. पाय सुटे-सुटे टेकत असतील तर सगळा भार चार-सहा बिंदूंवर येतो, खाली खडा असला की भोक पडलंच. दोन पायांना जोडणारी आडवी नळी जमिनीला टेकत असेल तर भार पसरतो, तीच घ्यावी. तरीही प्रत्येक पायाखाली चार इंची प्लायचा तुकडा, कडा घासून गोल केलेला, किंवा जाड सतरंजी. तळाचं कापड ३००० मिमी पाणीदाब (तेवढ्या उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब) सोसणारं हवं. वरच्या फ्लायला १५०० चालतं, पावसाळी हवेत २००० बरं. शिवणींवर आतून टेप आहे का ते उजेडाकडे धरून तपासा.

टेंटखाली ताडपत्री घालताना ती तळापेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन इंच लहान ठेवा किंवा कडा आत दुमडा. बाहेर डोकावली तर फ्लायवरून ओघळणारं पाणी तिच्यावर पडतं आणि सगळं टेंटखाली जमा होतं.

नवारीची खाट चालते, पाय वाकवलेल्या पाइपचे असतात. पण पाइपच्या टोकांवर रबरी बूच आहे का बघा, आणि ती बहुतेक अडीच-तीन फूट रुंद व बरीच जड असते. १० × १० मध्ये अशा दोनच धरा.

गोधडी

कॉटवर थंडी जास्त वाजते, हे कुणी आधी सांगत नाही. खाली मोकळी हवा खेळते आणि अंगाच्या भाराने पांघरुणाचा खालचा कापूस दबतो, तो ऊब धरत नाही. निफाडला पारा पाचाखाली जातो त्या दिवसांत स्लीपिंग बॅग एकटी पुरत नाही. आधी कॉटवर १० मिमीचा फोमचा मॅट, त्यावर घोंगडी किंवा गोधडी, मग माणूस. अंगावर दोन आणि खाली काही नाही, यापेक्षा खाली दोन आणि वर एक बरं. कॉटखालच्या जागेत बॅगा सरकवून ठेवल्या की हवाही अडते.

आणि खिडक्या पूर्ण बंद करू नका. चार माणसांच्या श्वास-घामातून एका रात्रीत लिटरभर पाणी हवेत जातं. ते बाहेर गेलं नाही तर छताला लागतं. वरची जाळी उघडी, खालची, वारा लागत नाही त्या बाजूची, दोन बोटं उघडी. शेगडी, कोळसा आत कधीच नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कॅनव्हासप्रेमी

आत दव साचण्याचा त्रास मुळातून कमी करायचा तर सुती कॅनव्हास. कापड श्वास घेतं. अमेरिकेतल्या कोडियाक कॅनव्हासचा १० × १४ त्या लोकांत कॉटसाठी प्रसिद्ध आहे, भिंती उभ्या आणि मधली उंची साडेसहा फूट. पण वजन तीस किलोच्या वर, आणि इथे मागवणं महाग. आपल्याकडे राहुटी शिवणाऱ्यांकडून करून घेता येते, फक्त कापड पाणरोधक प्रक्रिया केलेलं मागा.

नवा कॅनव्हास आधी गच्चीवर उभारून पाइपने पूर्ण भिजवायचा, खडखडीत वाळवायचा, असं दोन-तीनदा. भिजल्यावर सुती धागा फुगतो आणि सुईची भोकं बुजतात. साबण लावायचा नाही. ओला गुंडाळून ठेवला तर आठवड्याच्या आत बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. म्हणून जून ते सप्टेंबर इगतपुरीकडे कॅनव्हास नेऊच नये, वाळवणार कुठे?

वारा_नैऋत्य

कॅनव्हासबद्दल थोडा मतभेद. गाडी टेंटपर्यंत जात नसेल तर तीस किलो कोण वाहणार? शंभर मीटर चालायचं असलं तरी १५ किलोचा पॉलिस्टर केबिन बरा.

रानवाट

ज्यांच्याकडे डोम आधीच आहे त्यांनी नवा घ्यायची घाई करू नये. १५-१८ सेंमी उंचीच्या बुटक्या कॉट मिळतात. त्या उंचीवर भिंतीमुळे जेमतेम १० सेंमी जातात, म्हणजे रुंदी जवळपास पूर्ण मिळते. गुडघे दुखणाऱ्यांना मात्र त्या उपयोगाच्या नाहीत.

लोहारवाडा

उभारण्याचा क्रमही लिहून ठेवतो, कारण कॉट शेवटी आठवतात. टेंट उभा करून कोपरे ठोकले की फ्लाय टाकायच्या आधी कॉट आत न्या, उजेड असतो. नव्या कॉटचं कापड घट्ट असतं आणि शेवटची आडवी दांडी बसवायला दोन्ही बाजूंना जोर लावावा लागतो. आत ते करताना कोपर कापडातून जातं. ती बाहेर जोडून, तिरकी करून दारातून घ्यावी. त्यासाठी दार ८० सेंमीहून अरुंद नको. आधी मागची कॉट, मग बाजूच्या. ज्यांना रात्री उठावं लागतं त्यांची दाराजवळ, चेनपासून हातभर दूर, कारण पांघरुणाची कड चेनमध्ये अडकते आणि अंधारात ओढली की दाते सुटतात. चेनवर माती बसते तीही दर वेळी जुन्या टूथब्रशने झाडून मेणबत्ती फिरवावी.