सभा, मंडळी की क्लब?

प्रश्न : मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या विद्यार्थ्यांनी 1848 साली 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली, तिच्यावर लिहिते आहे आणि पहिल्याच वाक्यात अडले. 'विद्यार्थ्यांचा क्लब' लिहिलं की डोळ्यांसमोर पत्ते नि टेनिस येतं, 'संघटना' लिहिलं की मोर्चा. मग काय लिहावं? आणि 'स्कूल स्पिरिट'ला, म्हणजे आपल्या शाळा-कॉलेजाबद्दलच्या अभिमानाला, आपल्याकडे शब्द आहे का?

प्रतिसाद 1 : ताई, शब्द तुमच्या सोसायटीच्या घरातच आहेत. तिच्या देशी भाषांतल्या शाखांची नावं बघा. मराठीची ज्ञानप्रसारक सभा, गुजरातीची ज्ञानप्रसारक मंडळी. मी 'सभा' घेईन. आज सभा म्हटलं की मैदान, माईक आणि पुढारी आठवतो, पण तेव्हा ती कायम चालणारी संस्थाही होती. परमहंस सभा (1849) आणि पुण्याची सार्वजनिक सभा (1870) याच अर्थाच्या. हा अर्थ आज मागे पडला असला तरी 'सभासद' शब्दात तो शाबूत आहे. ग्रंथालयाचे आपण सभासद होतो, ते काही भाषण ऐकायला नव्हे.

'क्लब' नको म्हणण्याचं दुसरं कारण त्या मुलांचं काम. निबंध वाचायचे, त्यावर वाद घालायचा, इथवर ठीक. पण 1849 मध्ये त्यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि सुरुवातीला बिनपगारी शिकवलंही. दादाभाई नौरोजी त्यांच्यातलेच. स्वतः विशीच्या आसपास असलेल्या मुलांनी सकाळी उठून दुसऱ्यांच्या लेकीबाळींना अक्षरं गिरवायला लावायची, तीही लोकांचा विरोध सोसून! मला हे वाचताना दर वेळी भरून येतं. 1850 पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' मासिकही निघू लागलं. एवढं सगळं 'क्लब'मध्ये मावत नाही.

प्रतिसाद 2 : सभेला हरकत नाही, पण 'मंडळी'ला इतक्या लवकर उठवू नका. मराठीतही हा संस्थेचाच शब्द होता, नाटक मंडळ्या आठवा. किर्लोस्करांची 1880 ची. पुस्तकाच्या दुकानांवर 'आणि मंडळी' असायचं, म्हणजे 'आणि कंपनी'. अर्थ कुठला ते विभक्तीवरून कळतं. 'मंडळींनी ठरवलं' म्हणजे जमलेल्या माणसांनी. 'मंडळीने ठरवलं' म्हणजे संस्थेने. एका अनुस्वाराचा आणि एका मात्रेचा फरक! आज संस्थेसाठी आपण 'मंडळ' वापरतो आणि 'मंडळी' पानावर बसलेल्या पाहुण्यांना उरली. म्हणून 'विद्यार्थी मंडळी' लिहिलंत तर वाचणारा 'मुलंबाळं' असंच समजेल. त्या कारणासाठी मीही शेवटी सभेच्याच बाजूने.

प्रतिसाद 1 : अनुस्वाराचं अगदी पटलं. आता स्कूल स्पिरिट. 'देशाभिमान'च्या चालीवर 'शाळाभिमान' करता येईल, पण तो कुणाच्या तोंडी बसणार नाही. मराठीत ही भावना नामात नाही, प्रत्ययात आहे. 'मी फर्ग्युसनचा.' 'आम्ही डेक्कनचे.' कॉलेज सोडून चाळीस वर्षं झालेला माणूसही 'मी फर्ग्युसनला होतो' असं न म्हणता 'मी फर्ग्युसनचा' म्हणतो. हा 'चा' गावाला लागतो, घराण्याला लागतो, तोच कॉलेजला लागला. मुंबईकरांनी त्यावर इंग्रजी शेपूटही चढवलं : रुईयाइट, झेवियराइट. तरी भांडण जुंपलं की 'आमच्या रुईयात' हेच येतं.

प्रश्नकर्ती : पण वाक्यात नामच हवं असेल तर? 'त्यांच्यात स्कूल स्पिरिट होतं' हे कसं म्हणू?

प्रतिसाद 2 : नामाचा हट्ट सोडून क्रियापद घ्या. 'कॉलेजसाठी जीव टाकत', 'कॉलेजचं नाव काढलं की अंगात येई'. आणि जिथे कॉलेजातली ओढ बाहेरच्या कामात उतरली तिथे 'जिव्हाळा' पुरेसा नाही, 'ध्यास' म्हणा. टिळक आणि आगरकरांची गाठ डेक्कन कॉलेजात पडली, तिथल्या गप्पांतून शाळा काढायचं मनात आलं आणि 1880 ला न्यू इंग्लिश स्कूल उभं राहिलं. त्याला कॉलेजाभिमान म्हणणं तोकडं पडेल.

प्रश्नकर्ती : मग पहिलं वाक्य असं केलंय : 'एल्फिन्स्टनच्या मुलांनी 1848 त सभा काढली आणि पुढच्याच वर्षी तिचे सभासद मुलींच्या शाळेत शिकवू लागले.' चालेल?

प्रतिसाद 1 : धावेल! फक्त '1848 त' ऐवजी '1848 साली' करा.