रोम आणि अमेरिका: तुलना कितपत ताणायची?

नकाशेवेडा:
अमेरिकेचा विस्तार म्हणजे रोमचीच दुसरी आवृत्ती, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. रोमने मुलूख जिंकला, अमेरिकेने बराचसा विकत घेतला. १८०३ मध्ये नेपोलियनकडून लुइझियाना दीड कोटी डॉलरला, १८६७ मध्ये रशियाकडून अलास्का ७२ लाखांना. शिवाय १७८७ च्या नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्स या कायद्यानुसार ओहायो नदीच्या उत्तरेकडच्या प्रदेशातल्या एखाद्या भागात ६० हजार स्वतंत्र रहिवासी झाले, की जुन्या १३ राज्यांच्या बरोबरीने राज्याचा दर्जा मिळे. रोमच्या प्रांतांच्या नशिबी सुभेदार आणि करवसुली!

भिंगरी:
विकत घेतला, पण कुणाकडून? तिथे राहणाऱ्या जमातींना त्या सौद्यात कुणी विचारलंही नाही. नेपोलियनने विकला तो नुसता हक्क. मेक्सिकोचं तर बोलायलाच नको. १८४७ मध्ये राजधानीत फौज घुसवायची आणि १८४८ च्या तहात दीड कोटी डॉलर हातावर टेकवायचे, ही कसली खरेदी? आणि रोमलाही सगळं तलवारीने मिळालेलं नाही. आजच्या तुर्कस्तानातल्या पर्गमॉनच्या राजाने इ.स.पू. १३३ मध्ये मृत्युपत्रात अख्खं राज्य रोमच्या नावे करून टाकलं होतं!

सनावळी:
भिंगरीशी सहमत, पण खरा फरक पुढेच आहे. रोमला जमिनीसकट माणसं हवी होती. सीझरने गॉल, म्हणजे साधारण आजचा फ्रान्स, इ.स.पू. ५० पर्यंत जिंकलं. शंभरेक वर्षांत, इ.स. ४८ मध्ये, सम्राट क्लॉडियस गॉलच्या सरदारांना सिनेटमध्ये घ्या म्हणून भाषण करतोय. आपले जुने राजेही बाहेरचेच होते, असा त्याचा युक्तिवाद. ते भाषण कोरलेला काशाचा पत्रा लियाँला आजही बघता येतो. याउलट अमेरिकेतल्या चेरोकी या मूळ जमातीचं बघा. स्वतःची लिपी, १८२७ ची लेखी राज्यघटना, १८२८ पासून वर्तमानपत्र. आणखी किती 'सुधारायचं'? तरी १८३८ मध्ये सैन्याने घराबाहेर काढलं, पश्चिमेला पिटाळलं. सुमारे चार हजार माणसं त्यात दगावली. सगळ्या मूळ रहिवाशांना नागरिकत्व मिळालं थेट १९२४ मध्ये.

नकाशेवेडा:
मेक्सिकोबद्दल माघार घेतो. पण रोमला एवढं उदार करू नका. उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज शहर इ.स.पू. १४६ मध्ये जाळून टाकलं, उरलेल्यांना गुलाम केलं. इटलीतल्या दोस्तांनाही नागरिकत्वासाठी इ.स.पू. ९१ मध्ये शस्त्र उचलावं लागलं. आणि इ.स. २१२ मध्ये सम्राट कॅराकॅलाने बहुतेक सगळ्या स्वतंत्र प्रजेला नागरिक केलं, ते करदाते वाढावेत म्हणून, असं खुद्द रोमन इतिहासकार डिओ म्हणतो.

सनावळी:
हेतू कराचा असेल, पण नागरिकत्व मिळालंच ना?

भिंगरी:
आणि कॅरिबियनमधलं प्वेर्तो रिको बेट? १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात, १९१७ पासून नागरिक. तिथे राहून राष्ट्राध्यक्षपदासाठी मत मात्र आजही देता येत नाही. नकाशेवेडा, तुमचा तो ६० हजारांचा नियम इथे कुठे गेला?