बी.ए.च्या वर्गात पायथन: मराठी शब्द तुटतात, काय करावं?

गोदाकाठ (परभणी):
बी.ए. प्रथम वर्षाला पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा ओपन इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) आहे. मराठी, इतिहास, अर्थशास्त्राची मुलं. ६० जण, २० मशीन, बरीच विंडोज ७ वर. मूळ संख्या, फॅक्टोरियल यात त्यांचा जीव रमत नाही, म्हणून जनाबाईंच्या अभंगांतले शब्द मोजायला दिले. तर ‘विठ्ठल’ फुटून ‘व’, ‘ठ’, ‘ठल’ असे तीन तुकडे येतात. लांबीही ३ ऐवजी ६. चुकतंय कुठे?

मांजरा (लातूर):
सर, रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (शब्द शोधायच्या नमुन्यात) बॅकस्लॅश-डब्ल्यू वापरलाय ना? तो अक्षरं आणि अंक धरतो. काना, वेलांटी, हलन्त ही युनिकोडच्या (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संगणकी पद्धतीच्या) लेखी निव्वळ चिन्हं, म्हणून तिथे शब्द तुटतो. लांबी ६ बरोबरच आहे: व, वेलांटी, ठ, हलन्त, ठ, ल.
स्प्लिट (मोकळ्या जागेवर शब्द वेगळे करणारी आज्ञा) वापरा आणि कडेची विरामचिन्हं स्ट्रिपने काढा. स्ट्रिपच्या यादीत । आणि ॥ हाताने घाला, नाहीतर ‘विठ्ठल’ आणि ‘विठ्ठल॥’ वेगळे मोजले जातील.
ही भानगड मुलांपासून लपवू नका. आधी वहीत शब्द फोडायला लावा, मग मशीनवर ताडून बघू द्या. जोडाक्षरं फोडण्यात मराठीची मुलं कुणाला ऐकायची नाहीत.
फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ लिहायचंच. विंडोजवर नाही लिहिलं तर जुनं कोडपेज (जुनी अक्षर-सारणी) धरलं जातं आणि एरर येते किंवा कचरा दिसतो. डीटीपीवाल्याकडची फाइल जुन्या फाँटमधली असेल तर ती युनिकोड नाहीच, आधी कन्व्हर्टरमधून काढा. विंडोज ७ वर ३.८ च्या पुढचं पायथन चढत नाही.

बालाघाट (बीड):
इतिहास-अर्थशास्त्रवाल्यांना जिल्ह्यांचे तक्ते द्या. २०११ च्या जनगणनेत औरंगाबाद, उस्मानाबाद. नव्या तक्त्यात छत्रपती संभाजीनगर, धाराशिव. पांडाज या पायथनच्या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीत नावावरून मर्ज केलं (दोन तक्ते जोडले) की मराठवाड्याच्या ८ पैकी ६ च जिल्हे उरतात, आणि एररही येत नाही! डिफॉल्ट ‘इनर’ असतं, म्हणजे दोन्ही तक्त्यांत असलेलीच नावं राहतात. ‘आउटर’ (सगळी नावं ठेवणारं) करून इंडिकेटर (ओळ कुठल्या तक्त्यातली ते दाखवणारा) चालू ठेवा, गळालेले जिल्हे लगेच दिसतात. मग जुन्या-नव्या नावांची डिक्शनरी मुलांनाच करू द्या.
१९९१ आणि २००१ ची तुलना करताना परभणीची लोकसंख्या घटल्यासारखी दिसेल. हिंगोली १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला, त्यामुळे २००१ चे दोन्ही आकडे जोडूनच तुलना करायची. हे इतिहासाच्या मुलांनी शोधावं, तुम्ही आधी सांगू नका.

गोदाकाठ (परभणी):
स्प्लिटने जमलं. पण ‘दुसऱ्या’ यादीत दोनदा येतोय, दिसायला अगदी सारखा.

मांजरा (लातूर):
एकात ऱ आहे, दुसऱ्यात र, हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह). एनएफसी नॉर्मलायझेशनने (एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेलं असेल तर एकसारखं करणं) नुक्तावाला (खाली टिंब असलेला) र सुधारतो, हा जॉइनरवाला नाही. मोजण्याआधी र-हलन्त-जॉइनर या तिकडीच्या जागी ऱ आणि हलन्त रिप्लेस करा.
आणि ३०-३० च्या दोन बॅच करा, एका मशीनवर दोघं, दर १५ मिनिटांनी कीबोर्ड बदलायचा. नाहीतर एकच जण टाइप करतो, दुसरा मोबाइलवर.