आधी पेचकस टोचून बघा
तुम्ही विकत घ्यायला बघताय ते बेटावरचं जुनं घर. वर एकांनी लिहिलंय की ते इतकी वर्षं लाटांसमोर उभं आहे, म्हणजे दणकटच असणार. अर्धंच पटलं. जुनं सागवान टिकतं. पण मागाहून कोणी काँक्रीटचा व्हरांडा जोडला असेल, तर खरी गोम तिथेच. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ आतल्या सळीपर्यंत पोचतं, गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो आणि स्लॅबचे ढलपे सुटतात. ताजा रंग दिसला की मला आधी शंकाच येते! लाकडी खांबाच्या बुडाशी पेचकस टोचून बघा. भुसभुशीत लागलं तर वाळवी नाहीतर कूज. आणि हो, किनारा दरवर्षी किती मागे सरकतोय तेही विचारा. पाडून पुन्हा तिथेच बांधायची परवानगी बऱ्याच ठिकाणी मिळत नाही.