मदत हवी आहे : अप्पांना नीट बसता येईल अशी सेडान, बेळगावची केए २२ घ्यावी की कोल्हापूरची एमएच ०९?

नमस्कार.

आमच्याकडे २०११ ची छोटी हॅचबॅक आहे. पुढच्या वर्षी आरसीची पंधरा वर्षं भरतात. फिटनेस करून पाच वर्षं वाढवून मिळतात हे माहीत आहे, पण क्लच, सस्पेन्शन आणि एसी अशी तिन्ही कामं एकदम निघाली आहेत. खरं कारण मात्र वेगळं आहे. माझ्या सासऱ्यांच्या, अप्पांच्या, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं मे महिन्यात झाली. मागे बसलं की त्यांचे गुडघे पुढच्या सीटला टेकतात. कोल्हापूरला पोचेपर्यंत त्यांचा चेहरा बघवत नाही, तोंडातून मात्र शब्द काढत नाहीत. गेल्या महिन्यात लेकीला हॉस्टेलवर सोडायला निघालो तर म्हणाले, "तुम्ही जाऊन या, मी घरीच थांबतो." नातीला सोडायला जायचं त्यांनी कधी चुकवलं नव्हतं. त्याच दिवशी ठरवलं की गाडी बदलायचीच.

आम्ही बेळगावात टिळकवाडीत राहतो. मिस्टर उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये आहेत, गाडी जास्त मीच चालवते. महिन्याला कोल्हापूरच्या दोन फेऱ्या, माहेरी चंदगडला (कोल्हापूर जिल्ह्यात) एक-दोन, बाकी गावातलं. वर्षाला नऊ-दहा हजार किलोमीटर. वर्षातून एकदा सौंदत्तीला यल्लम्माला आणि एकदा आंबोली उतरून सावंतवाडीला. रोख साडेपाच लाख आहेत, बाकी कर्ज, आणि सगळं मिळून नऊ लाखांच्या वर जायची तयारी नाही.

एसयूव्ही सुचवू नका ही विनंती. दिरांच्या गाडीत बसवून बघितलं. एवढ्या उंच पायरीवर पाय टाकताना अप्पांना दोघांनी धरावं लागतं.

नवीन मिडसाइझ सेडानची चौकशी केली. व्हर्टस, स्लाव्हिया, व्हर्ना, सिटी, सगळ्या एक्स-शोरूमच दहा-बारा लाखांपासून सुरू होतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के झाला, आधी सेस धरून ४५ टक्के होता, म्हणजे किंमत थोडी उतरली आहे. पण कर्नाटकात दहा लाखांवरच्या गाडीला १७ टक्के लाइफटाइम टॅक्स आणि वर सेस. अकरा लाखांच्या गाडीला टॅक्सच एक लाख ८७ हजार. ते आमच्या आवाक्यातलं नाही.

म्हणून सेकंड हँड. दोन गाड्या बघितल्यात, दोन्ही २०१८ च्या होंडा सिटी, पेट्रोल मॅन्युअल.

पहिली इथलीच, केए २२ पासिंग. मालक एकच, ६१ हजार किलोमीटर, सात लाख २० हजार सांगताहेत. दोन दारांवर ओरखडे आहेत, टायर बदलायला आलेत.

दुसरी कोल्हापूरला एका एजंटकडे, एमएच ०९. मालक दोन झालेत, ४८ हजार किलोमीटर, सहा लाख ३० हजार. दिसायला एकदम नव्यासारखी. ९० हजारांचा फरक आमच्यासाठी लहान नाही. एजंट म्हणतो, "तुमचं माहेर चंदगड ना? मग भावाच्या पत्त्यावर एमएच पासिंगच राहू द्या, टॅक्सचा प्रश्नच येत नाही."

माझे प्रश्न असे. माहेरच्या पत्त्यावर गाडी ठेवून इथे चालवणं बरोबर आहे का? सिटी खाली आहे म्हणतात, चंदगडच्या रस्त्यावर आणि आमच्या गल्लीतल्या गतिरोधकांवर घासेल का? आणि अप्पांच्या दृष्टीने सेडानच योग्य का? घरात गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं कुणी असेल तर त्यांचा अनुभव मला सगळ्यात जास्त हवा आहे.

निपाणीकर

ताई, एजंटचं ऐकू नका. मोटार वाहन कायद्यात कलम ४० आहे. तुम्ही जिथं राहता किंवा गाडी नेहमी जिथं असते, त्या राज्यात पासिंग करायचं. तुम्ही टिळकवाडीत राहणार, गाडी टिळकवाडीत उभी राहणार, मग भावाच्या पत्त्याला काय अर्थ? कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवली की इथला नंबर घ्यावाच लागतो. आणि भावाच्या नावावर गाडी म्हणजे इन्शुरन्स भावाच्या नावावर. उद्या काही झालं तर क्लेमच्या कागदावर सही करायला तुम्ही भावाला चंदगडहून बोलावणार काय?

आपल्याकडे निम्मी घरं अशी आहेत की सासर इकडं आणि माहेर तिकडं. त्यामुळं हा सल्ला हमखास मिळतो. आमच्याकडेही असंच केलं होतं. तीन वर्षांनी गाडी विकताना घेणाऱ्यानं त्याच कारणावरून भाव पाडला.

आता खर्चाचं बघा. एमएच ची गाडी रीतसर इथं आणायची तर कोल्हापूर आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. मालकी बदलायला २९ आणि ३०, इथला नंबर घ्यायला २७. जुनं कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५. कागद होतात, चार फेऱ्या घालायच्या. खरा खर्च टॅक्सचा. तो तुम्ही गाडी केवढ्याला घेतली त्यावर बसत नाही, गाडीची मूळ किंमत आणि वय बघून बसतो. सात वर्षांच्या गाडीला नवीनपेक्षा कमी लागतो, तरी या गाडीला लाखभर बाजूला काढूनच ठेवा. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्समधला उरलेला भाग परत मागता येतो, पण इथला नंबर पडल्यावर अर्ज करायचा आणि वाट बघायची. त्या पैशांच्या भरवशावर व्यवहार करू नका.

म्हणजे तुमचे ९० हजार सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावरच संपले.

पंचगंगाकाठचा

निपाणीकरांनी पैशांचं सांगितलं, मी पाण्याचं सांगतो. कोल्हापूरची २०१८ ची गाडी म्हटल्यावर माझा पहिला प्रश्न एकच : ऑगस्ट २०१९ मध्ये आणि जुलै २०२१ मध्ये ही गाडी कुठं उभी होती?

दोन्ही महापुरांत आमच्या भागातल्या किती गाड्या पाण्यात होत्या ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय. धुतल्या, सीट बदलल्या, पॉलिश मारलं आणि बाहेरगावी विकल्या. सगळ्या एजंटांना मी वाईट म्हणत नाही. पण दुसरा मालक, कमी किलोमीटर, कमी भाव आणि नव्यासारखी चमक हे सगळं एका गाडीत आलं की मी आधी वाकून बघतो.

दिवसा जा. काचा बंद असतानाच दार उघडा आणि पहिला वास घ्या. अत्तराचा उग्र वास आला तर तो कशासाठी मारलाय हे विचारा. मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. वरचा भाग सगळे धुतात, आत गुंडाळलेला शेवटचा हातभर पट्टा कुणी धूत नाही. तिथं मातकट रेघ असेल तर गाडी सोडून द्या. पुढची सीट मागे सारून तिचे रूळ आणि बोल्ट बघा, तिथं जास्त गंज असेल तर पाणी आत आलेलं असू शकतं. डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनी काढा. खालच्या खळग्यात गाळ बसतो, आणि कोपऱ्यात बोट घातल्याशिवाय कळत नाही. डॅशबोर्डखाली मोबाइलचा उजेड टाकून वायरिंगचे जोड बघा, तांब्यावर हिरवट थर आहे का.

शेवटचं, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून चॅसिस नंबरवरून पूर्ण सर्व्हिस हिस्टरी मागा. त्या दोन पावसाळ्यांनंतर मोठं काम निघालंय का, किंवा वर्षभर गाडी कुठंच गेली नाही असं आहे का, ते वाचा. ४८ हजार किलोमीटर खरे आहेत का तेही तिथंच कळतं. इन्शुरन्सचा जुना क्लेमही विचारून घ्या.

नवी गाडीच बरी

नऊ लाख आहेत तर नवीन डिझायर का बघत नाही? चार मीटरच्या आत आणि १२०० सीसीच्या आत म्हणून जीएसटी १८ टक्के झालाय. एक्स-शोरूम दहा लाखांच्या खाली म्हणून इथला टॅक्स १७ ऐवजी १४ टक्के. २०२४ च्या नव्या मॉडेलला ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टचे पाच स्टार आहेत. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याजही जास्त पडतं, तेही हिशेबात धरा.

खानापूर रोड

आमच्या आईचे दोन्ही गुडघे २०२२ ला बदललेत, म्हणून लिहितो. ताई, बाहेरून गाडीची लांबी बघू नका, अप्पांना घेऊन जा. फोटो बघून किंवा तुम्ही स्वतः बसून काही कळणार नाही.

त्यांना मागच्या दाराशी पाठ करून उभं करा. आधी सीटवर टेकू दे, मग दोन्ही पाय एकदम आत वळवू दे. पाय आत घेताना चप्पल दाराच्या चौकटीला अडकते का ते बघा. दार किती उघडतं हेही महत्त्वाचं, आणि तुमच्या गल्लीत गाडी लावल्यावर ते तेवढं उघडेल का ते बघा. मग पुढची सीट तुम्ही चालवता तशी लावून मागे दहा मिनिटं बसवा, गप्पा मारा, आणि उतरायला सांगा. बसण्यापेक्षा उतरणं अवघड. सेडानची सीट खाली असते, त्यामुळं उठताना गुडघ्यावर जोर येतो. आम्ही घट्ट फोमची दोन इंचांची गादी करून घेतली, त्यानं बराच फरक पडला. मऊ उशी घेऊ नका, ती दबते आणि माणूस आणखी खाली जातो.

डिझायर वाईट नाही, पण तुमची मूळ तक्रार गुडघ्यासमोरच्या जागेची आहे. सिटीत ती जागा मोकळी मिळते. डिकी ५१० लिटरची आहे, वॉकर घडी न घालता मावतो. चालायला काठी किंवा वॉकर असेल तर हे रोज लागतं.

खाली घासण्याचं : जुन्या सिटीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासूनची उंची, १६५ मिलिमीटर, व्हर्टस-स्लाव्हियाचा १७९. फरक आहेच. पाच माणसं आणि सामान असताना मोठ्या गतिरोधकावर तिरकी घ्यावी लागते. टेस्ट ड्राइव्हला एकट्या जाऊ नका, घरचे सगळे बसवून तुमच्याच गल्लीतून आणा. मागचे शॉकअप दमलेले असतील तर तिथंच कळेल. आणि २०१८ च्या आसपासच्या बऱ्याच होंडा गाड्यांचे फ्युएल पंप कंपनीनं फुकट बदलून दिलेत, २०२० मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये. चॅसिस नंबर टाकून या गाडीचा बदललाय का ते बघा. राहिला असेल तर घेतल्यावर करून घ्या, पैसे लागत नाहीत.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रविवार गेले, म्हणून उशिरा लिहिते आहे.

कोल्हापूरची गाडी बघून आले. वास काही नव्हता. सीटबेल्ट चारही नवे दिसले, पंचगंगाकाठच्या दादांचं वाचलेलं असल्यामुळे तिथेच मनात पाल चुकचुकली. स्टेपनी काढायला एजंट तयार नव्हता, मिस्टरांनी आग्रहाने काढली. खळगा स्वच्छ होता, पण जॅकच्या खालच्या फटीत वाळलेली माती निघाली, नखाने खरवडली की पीठ व्हावी अशी. सर्व्हिस हिस्टरी "दोन दिवसांत देतो" म्हणाला, ती आजतागायत आलेली नाही. ती गाडी पुरात होती असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण तिच्यात अप्पांना बसवायची माझी तयारी नाही.

डिझायरही बघितली. खरंच चांगली वाटली, आणि मुलाला तीच हवी होती. पण मी चालवते तशी सीट लावल्यावर मागे अप्पांचे पाय तिरके करावे लागले.

मग काल इथली सिटी घरी मागवली. खानापूर रोडच्या दादांनी सांगितलं तसंच केलं, आधी टेकायचं, मग पाय आत. पहिल्यांदा अप्पांचा हात दाराच्या वरच्या हँडलकडे गेला, दुसऱ्यांदा गरज लागली नाही. पाचही जण हिंडलग्यापर्यंत जाऊन आलो. गल्लीच्या तोंडाच्या गतिरोधकावर एकदा खाली घासली, येताना तिरकी घेतली तर नाही घासली. अप्पा मागे बसून मालकांना विचारत होते, सर्व्हिसिंग कुठे करता, टायर कुठल्या कंपनीचे. इतक्या महिन्यांत गाडीत बसून ते पहिल्यांदा बोलले. उतरताना मात्र थोडे थांबले, त्यामुळे गादी करून घेणार आहे.

आमच्या ओळखीच्या फिटरने दोन तास तपासली. पुढचे ब्रेक पॅड आणि चार टायर लागतील म्हणाला. फ्युएल पंप बदलल्याची नोंद सर्व्हिस हिस्टरीत आहे. सहा लाख ८५ हजारांवर बोलणं थांबलं आहे.

एक अडचण आहे. आरसीवर अजून बँकेचं हायपोथिकेशन, म्हणजे कर्जाचा बोजा, दिसतं. मालक म्हणतात ४० हजार बाकी आहेत, तुमचे पैसे आले की भरून टाकतो. माणसं चांगली आहेत, पण असं पुढे जावं का? आणि त्यांचा इन्शुरन्स मार्चपर्यंत आहे, त्याचं काय करायचं?

निपाणीकर

माणसं चांगली असली तरी ४० हजार त्यांच्या हातात देऊ नका ताई. त्यांना बरोबर घेऊन बँकेत जा, कर्जखात्यात थेट भरा, पावती तुमच्याकडे ठेवा. ती रक्कम टोकन म्हणून धरायची आणि साध्या कागदावर दोघांच्या सह्या घ्यायच्या. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आला की बोजा उतरवणं आणि २९-३० एकदमच आरटीओला लावा. थोडी रक्कम आरसी तुमच्या नावावर होईपर्यंत मागे ठेवा, चांगला माणूस त्याला नाही म्हणत नाही.

इन्शुरन्स मालकी बदलल्यापासून चौदा दिवसांत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या. त्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची प्रीमियममधली सूट, त्यांचाच, तो गाडीबरोबर येत नाही, त्यामुळं फरकाची रक्कम भरावी लागेल. तुमच्या जुन्या गाडीवर बोनस साठला असेल तर ती विकताना कंपनीकडून त्याचं पत्र घ्यायला विसरू नका, या गाडीला लावता येईल.

धागाकर्ती

सोमवारी बँकेत जातो आहोत. जुन्या गाडीवर ५० टक्के बोनस आहे, हे माहीतच नव्हतं की तो इकडे आणता येतो. गादी कुठे करून घेतली ते खानापूर रोडच्या दादांनी कळवलं तर बरं होईल. लेकीला आणायला शनिवारी कोल्हापूरला जायचं आहे आणि अप्पांनी आताच विचारलंय, किती वाजता निघायचं.