स्वरयंत्र की कंठ?

प्रश्न : आरोग्यविषयक लेखाचा अनुवाद करते आहे. ‘लॅरिंक्स’साठी मी ‘स्वरयंत्र’ लिहिले होते, तपासणाऱ्यांनी सगळीकडे ‘कंठ’ करून पाठवले. कंठ्य वर्ण तिथूनच निघतात, असे त्यांचे म्हणणे. काय ठेवू?

उत्तर : ‘स्वरयंत्र’च ठेवा. ‘कंठ’ फार ऐसपैस शब्द आहे. कंठ दाटतो, हार कंठात पडतो, कविता कंठस्थ होते. त्यातला ‘कंठ फुटणे’ तेवढा थेट या अवयवाचा. वयात येताना मुलांचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते, आतले स्वररज्जू लांब आणि जाड होतात, आवाज खाली उतरतो. त्याच वेळी पुढची मोठी कूर्चा उठून दिसू लागते, तोच कंठमणी.

कंठ्य वर्णांचा मुद्दा मात्र टिकत नाही. ‘क’ म्हणून पाहा, जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला टेकतो. स्वरयंत्र त्याच्या बरेच खाली, श्वासनळीच्या तोंडाशी असते. आता कंठमण्यावर दोन बोटे ठेवून आधी ‘सऽऽ’ म्हणा, मग ‘मऽऽ’. ‘स’ला बोटांखाली सगळे शांत, ‘म’ला स्पष्ट थरथर. ही थरथर म्हणजेच घोष. ‘क’ आणि ‘ग’ यांची तोंडातली जागा एकच, त्यांना वेगळे करते ते स्वरयंत्र.

तुमच्या तपासनिसांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. तैत्तिरीय प्रातिशाख्यात, म्हणजे वेदपठणाच्या उच्चारांवरील प्राचीन संस्कृत ग्रंथात, म्हटले आहे की कंठ आवळला की नाद होतो, उघडा राहिला की श्वास, आणि मधल्या स्थितीत हकार. तिथला ‘कंठ’ म्हणजे नेमकी हीच जागा. दुर्बीण नाही, आरसा नाही, केवळ आपल्याच गळ्याकडे लक्ष देऊन हे ओळखले, याचे मला फार अप्रूप आहे. पण आजच्या मराठीत ‘कंठ’ तेवढा नेमका उरलेला नाही.

आणखी एक उत्तर : ‘स्वरयंत्र’ या नावात अवयवाचे निम्मेच काम येते. आवाजाच्या आधी त्याचे काम राखणदारीचे. पाण्याचा घोट घेताना बोट लावून पाहा, कंठमणी वर सरकतो. त्या क्षणी श्वास थांबतो, स्वररज्जू मिटतात, कंठच्छद (स्वरयंत्राच्या तोंडावरची कूर्चेची पाकळी) झाकणासारखा वाकतो आणि घोट मागच्या अन्ननलिकेत जातो. घोट गिळताना बोललो की ठसका लागतो तो याचमुळे. जड ओझे उचलताना आपण श्वास कोंडतो, तोही इथेच.

‘स्वररज्जू’ रूढ आहे, वापरा. पण एकदा तरी समजावून सांगा, नाहीतर वाचकाला ताणलेल्या तारा दिसतात. प्रत्यक्षात त्या दोन्ही बाजूंनी आत आलेल्या, स्नायू असलेल्या मऊ घड्या आहेत, पुढे जोडलेल्या, मागे उघडझाप करणाऱ्या. हवेचा दाब त्यांना उघडतो, त्यांचा लवचीकपणा आणि वेगाने निसटणारी हवा पुन्हा मिटवते. साध्या बोलण्यात पुरुषांत हे सेकंदाला साधारण 100 ते 130 वेळा घडते, स्त्रियांत 200च्या आसपास.

प्रश्नकर्ती : मग ‘घसा बसला’चे काय? तिथेही स्वरयंत्र आणायचे?

उत्तर : छे, तिथे ‘घसा’च. सूज स्वररज्जूंना आलेली असते, घड्या नीट मिटत नाहीत आणि आवाज घोगरा होतो, हे पुढच्या वाक्यात लिहा. ‘घसा दुखतो’ म्हणतो तेव्हा दुखणे बहुधा स्वरयंत्राच्या वर, घशाच्या पोकळीत असते. लेखात दोन्ही तक्रारी असतील तर तेवढा फरक सांभाळा.