मदत हवी आहे: सासूबाईंना घेऊन कडिया ध्रोला जावं का?

नमस्कार मंडळी,

उत्तरायणात पतंग सोडून बडोदेकर कुठे हलत नाही, म्हणून २६ जानेवारीच्या सुट्टीत कच्छ ठरवलंय. सयाजीनगरी एक्सप्रेसने भूज, तिथून भाड्याच्या गाडीने कडिया ध्रो ही खडकाळ घळ. सोबत ६८ वर्षांच्या सासूबाई आणि ७ वर्षांचे चिरंजीव. पाण्याने कोरलेले ते रंगीत खडक फोटोत पाहून सासूबाईच हटून बसल्यात!

शेवटचा कच्चा रस्ता साध्या गाडीला झेपतो का, की आधीच उतरून चालावं लागतं? खडकावर वाळूचा बारीक थर असला की पाय सटकतो, त्याची मला जास्त भीती. मागच्या वर्षी पावागडावर सासूबाईंच्या बुटाचा तळच सुटला. ह्यांच्या रुमालाने बांधून कसंबसं खाली आणलं. (रुमाल गेला तो गेलाच.) डोहांत जानेवारीतही पाणी असतं का? चिरंजीव पाणी दिसलं की ऐकत नाहीत.

टपरी नाहीच असं धरून थेपले, दशम्या आणि माणशी ३ लिटर पाणी नेतेय.

वयस्कर माणसांना घेऊन कोणी गेलं असेल तर सांगा ना. वाट दाखवायला गावातलं कोणी मिळतं का?